मेलेले पक्षी मोजून काय कळणार?

कारखान्यांच्या प्रदूषणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पक्षी मेले? एकही मेला नसेल तर चर्चा तिथेच आटोपते. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. हार्मोनचं गणित बिघडलेला पक्षी बऱ्याचदा मरत नाही. तो उडतो, खातो, जोडीही जमवतो. त्याच्या घडणीत जी गडबड व्हायची ती अंड्यात असतानाच होऊन गेलेली असते.

बलक म्हणजे नुसता खाऊचा डबा नव्हे. आईची थायरॉईड आणि लैंगिक हार्मोन्सही त्यात उतरतात. भ्रूणाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी कामाला लागेपर्यंत त्याची भिस्त आईकडून आलेल्या हार्मोनवर असते. आणि आईच्या चरबीत साठलेलं पीसीबी त्याच बलकातून पिल्लाकडे जातं. हे पूर्वी ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जायचं ते रसायन. त्याच्यामुळे यकृत थायरॉक्सिन या थायरॉईड हार्मोनचा नेहमीपेक्षा भराभर निचरा करू लागतं. मेंदूची वाढ, हाडं, पिसं, अंगातली ऊब राखणं, सगळ्यात या हार्मोनचा हात. मोठ्या पक्ष्याची ग्रंथी जादा राबून तूट बरीचशी भरून काढते. भ्रूणाला तेवढी सवड नसते. मेंदू घडायचे दिवस एकदाच येतात. म्हणून प्रौढ पक्ष्यांवर तपासून ठरवलेल्या ‘सुरक्षित मात्रे’वर माझा विश्वास नाही.

1981 साली मायकल फ्राय आणि त्यांच्या सहकाऱ्याने कुरवांच्या अंड्यांत डीडीटी टोचून पाहिलं. मात्रा साधारण निसर्गातल्या दूषित अंड्यांत सापडत होती तेवढीच. नर भ्रूणांच्या वृषणांत अंडाशयाच्या पेशी दिसल्या! बाहेरून बघणाऱ्याला यातलं काय दिसणार होतं?

अमेरिकेतल्या हडसन नदीत कारखान्यांनी कित्येक वर्षं पीसीबी सोडलं. तिथल्या पाकोळ्यांच्या तरुण माद्या पहिल्याच विणीच्या हंगामात तपकिरीऐवजी प्रौढांसारख्या निळसर दिसू लागल्या. संशोधकांचा संशय हार्मोनवरच गेला. बघणारा मात्र म्हणेल, किती देखणा पक्षी!

पीसीबीवर बंदी आली, मग त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलंच. कॅनडात 1974 पासून ग्रेट लेक्सवरच्या कुरवांची अंडी दरवर्षी गोळा करतात आणि नमुने गोठवून ठेवतात. पुढे ते जुने नमुने तपासले, तर 1981 ते 2000 या काळात ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं वाढत गेलेली आढळली. सोफ्याच्या फोमने लवकर पेट घेऊ नये म्हणून वापरलेली ही रसायनं. थायरॉईडच्या कामात ढवळाढवळ करणारी, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. फोम मात्र तोवर घरोघरी पोचला होता.

माझं मागणं साधं आहे. नवं रसायन विकायला काढण्याआधी त्याची चाचणी अंड्यावर व्हावी, आणि पिल्लू कवच फोडून बाहेर आलं की ‘पास’ असा शेरा मारून मोकळं होऊ नये. त्या पिल्लाचं थायरॉक्सिन मोजा, जननग्रंथी तपासा, मोठं झाल्यावर ते नीट घरटं बांधतं का तेही बघा. याला वेळ लागेल, खर्चही होईल. तो रसायन बनवणाऱ्याने करावा.