धाक, कट आणि कलम ३२ : मास्तरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मास्तर, नमस्कार. कटाच्या खटल्यात ‘धमकावून करायला लावलं’ हा बचाव कसा चालतो, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘उद्या प्रत्येक आरोपी म्हणेल, मला धाक दाखवला. तुम्ही वकील लोक गुन्हेगारांना पळवाटा दाखवता.’ राग समजतो. किनाऱ्यावरची घरं ड्रग्जनी कशी पोखरली, ते मीही बघतोय. पण ही वाट इतकी अरुंद आहे की खरोखर भ्यालेला माणूसही तिच्यातून क्वचितच पार होतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३२, म्हणजे जुन्या दंड संहितेचं ९४, भीती मागतं ती तत्काळ मरणाची. मारहाणीची किंवा गाडी जाळण्याची धमकी पुरत नाही. खुनाला ही सवलत नाहीच. मार बसेल म्हणून टोळीत शिरलेल्यालाही नाही. कलमातच एक लोहार आहे: दरोडेखोरांनी त्याला धरून नेलं, जीव घेण्याच्या धाकानं त्याच्याच हत्यारांनी दार फोडायला लावलं, तर तो सुटतो. आणि हे सारं शाबीत करायचं आरोपीनंच.

कटात तर आणखी पंचाईत. गुन्हा करायचं दोघांचं ठरलं की कलम ६१ लागतं, पुढे काही घडो न घडो. असं ठरणं दिवसेंदिवस चालतं. मधे माणूस घरी जातो, जेवतो, झोपतो. सरकारी वकील विचारणारच, मग पोलिसांत का गेला नाहीस?

एका शुक्रवारी, बाहेर म्हापशाचा बाजार भरलेला असताना, एका पायलटनं, म्हणजे आमच्याकडच्या मोटारसायकल टॅक्सीवाल्यानं, माझ्या टेबलावर मोबाईल ठेवला. त्यात त्याच्या मुलीचा फोटो. शाळेचं गेट, युनिफॉर्म, गळ्यात पाण्याची बाटली. खाली एक अक्षर नाही. ड्रग्जची बॅग त्यानं आधीच पोचवली होती. ‘हांवें कितें करपाचें?’ एवढंच तो विचारत राहिला.

मास्तर, कलम बोलतं फक्त त्याच्या स्वतःच्या मरणाबद्दल. मुलीचा जीव त्यात बसत नाही. माल व्यापारी प्रमाणातला ठरला तर अमली पदार्थांच्या कायद्यात किमान १० वर्षं; कटात सामील असलेल्यालाही कलम २९ खाली तीच शिक्षा. न्यायाधीशाला दया आली तरी त्याखाली उतरता येत नाही. पोटच्या पोराच्या जिवावरची धमकी कलमात यावी, असं मी लिहिलं ते यासाठी, आणि त्यावर मी ठाम आहे.

तुमच्या शंकेला एक जागा मात्र मीच ठेवली होती. शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो, हे मूळ लेखात राहून गेलं होतं. आज ते घातलंय.