बांध कोरणाऱ्या भावावर प्रीती करायची म्हणजे जमीन सोडायची का?

दादा, सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया मोठी आहे, म्हणून इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. त्रास देणाऱ्या माणसांवरही प्रीती करावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग आहे, शेजारचा चुलतभाऊ दर हंगामात बांध कोरून आत सरकतो, विचारायला गेलं की शिव्या देतो. चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, "माफ करा, विश्वासणाऱ्यानं कोर्टाची पायरी चढू नये." तुमचा सवाल असा: "असले लेख लुटणाऱ्याच्याच कामी येतात. अंगरखा मागणाऱ्याला वरचं वस्त्रही द्यायचं, तर बागही देऊन टाकू का?"

नाही दादा, देऊ नका. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नको, ही बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातली आज्ञा आहे, आणि 27 व्या अध्यायात ती सरकवणाऱ्याला शापच आहे. बांध कोरणं हे देवाच्या दृष्टीनं भाऊबंदकीतलं किरकोळ प्रकरण नाही. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायातला नाबोथ तर तुमच्यासारखाच द्राक्षमळ्याचा मालक. राजा अहाब पैसे द्यायला तयार होता, बदल्यात दुसरा चांगला मळाही देत होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडमार केला गेला. त्यानंतर देवानं एलीया संदेष्ट्याला पाठवलं ते अहाबाकडे. नाबोथाला प्रीती कमी पडली, असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणूनच तुमच्या पाळकांचं मला पटत नाही. त्यांच्या मनात प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 6 वा अध्याय असणार. भावाभावांनी एकमेकांना न्यायालयात खेचावं याबद्दल पौल त्यांना लाजवतो, त्यापेक्षा अन्याय सोसा असंही तो म्हणतो, हे खरं. पण भावांमधला वाद मिटवू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, हेही तो तिथेच विचारतो. आणि तुम्हीच आपल्या भावांना लुबाडता, असं लुबाडणाऱ्यांना तोंडावर सुनावतो. चुलतभाऊ तुमच्याच मंडळीत, म्हणजे त्याच चर्चमध्ये बसतो, असं तुम्ही लिहिलंय. मग त्याच्या घरी कोण गेलं? ज्याचं गेलं त्यालाच क्षमेचा उपदेश करणं सोपं असतं, कारण तो ऐकून घेतो.

आता अंगरख्याचं वचन. ते मी बाजूला सारणार नाही. प्रभू येशूनं ते म्हटलंय आणि ते जड आहे. स्वतःचा अपमान, स्वतःचा हट्ट, स्वतःचं काही सोडायची वेळ आली तर सोडावं. पण सातबाऱ्यावर तुमच्या दोन बहिणींचीही नावं आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. त्यांच्या वाट्याची जमीन उदारपणे देऊन टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

तेव्हा हद्द कायम करून घ्या. मोजणी म्हणजे खटला नव्हे. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करायचा, लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते, भूकरमापक येऊन खुणा दाखवतो, मोजणी नकाशाची 'क' प्रत मिळते. खरं काय ते दोघांनाही कळतं. प्रीती सत्याबरोबर आनंद मानते, असंच तर करिंथकरांच्या त्याच पत्राच्या 13 व्या अध्यायात आहे.

इथवर तुमचं माझं जमेल. पुढचं तुम्हाला आवडणार नाही, पण लेख लिहिला तो त्यासाठीच, आणि त्यातला शब्दही मागे घेत नाही. निर्गमच्या 23 व्या अध्यायात सांगितलंय की वैऱ्याचा बैल किंवा गाढव मोकाट सापडलं तर ते त्याच्याकडे पोचतं कर. वैर मिटल्यावर नव्हे, वैर असतानाच. उद्या अवकाळी आभाळ आलं, चुलतभाऊ सांगलीला मार्केट यार्डात गेलेला आहे आणि त्याच्या शेडवर बेदाणा उघडा पडलाय. तुम्ही ताडपत्री ओढाल का? त्याच्याबद्दल मनात गोडवा यावा, असं मी म्हणत नाही. तो येईल न येईल, आणि जबरदस्तीनं आणलेला टिकतही नाही. पण ताडपत्री ओढायला गोडवा लागत नाही. पारावर त्याचा विषय निघाला की त्यानं केलं तेवढंच सांगायचं, पदरचं घालायचं नाही. तुमच्या मुलांनी त्याच्या मुलांशी बोलणं टाकलंय, असं तुम्ही अभिमानानं लिहिलंत, ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्या पोरांनी कुठला बांध कोरला?

आणि तो शिव्या देत हात उगारायला आला, तर तिथे थांबू नका, पोलिसांना कळवा. नासरेथचे लोक प्रभूला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तोही त्यांच्यातून निघून गेला.

तुम्ही शेवटी विचारलंय, अर्ज नाताळच्या आधी करू की नंतर. आधी करा. पण नोटीस त्याच्या हातात पडण्यापूर्वी तुम्ही स्वतः जाऊन सांगा की मोजणी मागवतोय, तूही हजर राहा. मत्तयाच्या 18 व्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकट्यानं जायचं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. एकटं जाऊन झालंय आणि शिव्या खाऊन झाल्यात, तर या खेपेला मंडळीतले दोन ज्येष्ठ सोबत न्या. पाळकसाहेबांनाही विचारा, येता का म्हणून.