आयसीयूच्या चमूत मानसशास्त्रज्ञ कायमस्वरूपी हवा

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत फिजिओथेरपिस्ट रोज फेरी मारतो, आहारतज्ज्ञही येऊन जातो. मानसशास्त्रज्ञाला मात्र, माझ्या पाहण्यात तरी, रुग्ण अगदीच आवरेनासा झाला तरच ‘रेफरन्स’ म्हणून बोलावतात. हे बदलले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

न्यूमोनियातून वाचलेले माझे काका व्हेंटिलेटर निघाल्यावर सिस्टरांकडे बोट दाखवून कुजबुजत, “यांनी मला कोंडलंय, पोलिसांना बोलव.” नळ्या उपसू नयेत म्हणून हात बांधलेले, चष्मा आमच्या पिशवीत आणि दिवे रात्रंदिवस चालू. “वयामुळे होतं, घरी गेले की ठीक होतील,” एवढेच आम्हाला सांगण्यात आले. घरी आल्यावर मायक्रोवेव्ह वाजला तरी ते दचकून उठत, आणि जन्मभर बँकेत हिशेब सांभाळलेल्या या माणसाला वाण्याचे बिल जुळवता येईना.

आयसीयूतून बाहेर आल्यावरही मागे उरणाऱ्या अशा त्रासाला ‘पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. अमेरिकेत 821 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 74 टक्के रुग्णांना रुग्णालयात असताना डिलिरियम, म्हणजे काकांना झाला तसा गोंधळ आणि भ्रम, झाला होता. वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणांची आकलनशक्ती सौम्य अल्झायमरच्या रुग्णांइतकी खालावलेली आढळली.

इटलीत फ्लॉरेन्सच्या एका आयसीयूत मानसशास्त्रज्ञ रुग्णांशी आणि नातेवाइकांशी सुरुवातीपासून बोलू लागल्यावर, वर्षभराने आघातोत्तर तणावाचा मोठा धोका असलेल्यांचे प्रमाण आधीच्या रुग्णांतील 57 टक्क्यांच्या तुलनेत 21 टक्के दिसले. अभ्यास लहान होता, हे मान्य. उलट ब्रिटनमध्ये परिचारिकांना थोडे प्रशिक्षण देऊन असेच काम सोपवले, तेव्हा सहा महिन्यांनी फरक आढळला नाही. म्हणूनच, आधीच दमलेल्या सिस्टरांवर हेही काम टाकून भागेल, असे मला वाटत नाही. भेदरलेल्या रुग्णाला आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे पुन्हा पुन्हा सांगणे, तोंडात नळी असताना बोलण्यासाठी अक्षरांचा तक्ता देणे, बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या काकूला हा भ्रम म्हणजे वेड नव्हे हे समजावणे, यासाठी वेळ असलेला आणि ते शिकलेला माणूस लागतो.

ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत 2009 पासून आयसीयूतून बाहेर पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. आपल्या डिस्चार्ज कार्डावरही औषधांच्या खाली त्या भेटीची तारीख आणि मानसशास्त्रज्ञाचा फोन नंबर छापलेला असावा, आणि तो नसेल तर नातेवाइकांनी घरी निघण्यापूर्वी मागून घ्यावा.