सेफ्टी लावली म्हणजे बार उडत नाही, हे कोणी सांगितलं?

शिकारी रायफलवाल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: ट्रिगर जड लागतोय? दस्ता काढा, स्क्रू ढिले करा, पाच मिनिटांचं काम. हात लावताना सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणून असलेला खटका, लावलेली असली की भीती नाही. आणि सेफ्टी काढताना बार उडालाच, तर बोट चापावर (ट्रिगरच्या बोटाने ओढायच्या भागावर) होतं एवढं समजून घ्या.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात दोष सरळ माणसाच्या गळ्यात बांधलाय. रेमिंग्टन 700 ही 1962 साली आलेली रायफल. तिच्या मूळच्या वॉकर ट्रिगरमध्ये चापाला एक छोटी सुटी पट्टी स्प्रिंगच्या जोरावर टेकलेली असते. तिला कनेक्टर म्हणतात. काडतुसावर आदळून बार करणाऱ्या फायरिंग पिनला रोखून धरणारा तुकडा, म्हणजे सिअर, या पट्टीच्या काठावर उभा असतो. बार झाला की पट्टी चापापासून किंचित सुटते, आणि त्या फटीत कचरा, धातूचा कीस, चिकट झालेलं तेल, काहीही शिरू शकतं.

आता सेफ्टी लावली. ती सिअरला वर उचलून धरते, पट्टीवरचा भार जातो. त्या अवस्थेत चाप दाबला गेला किंवा कचऱ्यामुळे पट्टी पूर्ण मागे आलीच नाही, तर बाहेरून काहीच कळत नाही. सेफ्टी पुढे ढकलली की सिअरखाली आधार नसतो आणि बार होतो. बोट तेव्हा चापाच्या बाहेर असू शकतं. वर कडी म्हणजे 1982 पर्यंतच्या या रायफलींत सेफ्टी बोल्टलाही (काडतूस आत-बाहेर करणाऱ्या सरकत्या दांड्याला) कुलूप घालायची, त्यामुळे काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी काढणं भाग होतं! कंपनीने रचनेत दोष असल्याचं मान्य केलं नाही. पण 2018 मध्ये लागू झालेल्या सामूहिक दाव्याच्या तडजोडीत सुमारे 75 लाख बंदुका आल्या. त्याआधी 2014 मध्ये तिच्याच एक्स-मार्क प्रो या नव्या ट्रिगरच्या रायफली परत मागवाव्या लागल्या होत्या. कारण काय, तर जुळणी करताना आत जास्त गेलेला चिकट पदार्थ. म्हणजे ‘बोटच असणार’ हे नेहमीच खरं नसतं.

सेफ्टीवरचा विश्वास तरी कशाच्या जोरावर? मॉझर 98 किंवा जुन्या विंचेस्टर मॉडेल 70 ची तीन टप्प्यांची सेफ्टी फायरिंग पिनलाच मागे धरते. बाकी बऱ्याच शिकारी रायफलींत ती फक्त चाप किंवा सिअर अडवते, पिन मोकळीच. नुसता चाप अडवलेला असेल आणि सिअरची पकड झिजलेली असेल, तर रायफल पडल्यावर सेफ्टी काय करणार? आपल्या रायफलची सेफ्टी नेमकं काय धरते, हे माहितीपुस्तिकेत वाचायला पाच मिनिटं पुरतात. ती पाच मिनिटं खुशाल द्या.

आता स्क्रू. ‘ढिले करा’ म्हणणाऱ्याने ते वेगवेगळ्या कामांचे असतात हे सांगितलंच नाही. एक स्प्रिंगचा ताण ठरवतो, म्हणजे चाप किती वजनाला सुटेल ते. दुसरा सिअरची पकड ठरवतो. ही पकड मिलिमीटरच्या अंशात असते. तिसरा, बार झाल्यावर चाप आणखी किती मागे जाईल ते. पकडीचा स्क्रू फिरवला की चाप झकास ‘काचेसारखा’ सुटतो, म्हणून हौशी माणूस तिथेच हात घालतो, आणि बोल्ट जोरात बंद करताच पिन सुटते. ताण फार कमी केला तर चाप जागेवर परतत नाही. सर्व ट्रिगरांत हे तिन्ही स्क्रू असतातच असंही नाही, आणि कारखान्याने लाखेने बंद केलेला स्क्रू उगाच बंद केलेला नसतो. शिकारीला दीड किलोच्या आसपासचा चाप पुरतो. त्याहून हलका चाप थंडीत सुन्न बोटाला कळतही नाही.

शिवाय ‘जड’ ट्रिगरचं कारण पुष्कळदा स्क्रूत नसतंच. वर्षानुवर्षं फवारलेलं तेल आत घट्ट होतं. पावसात लाकडी दस्ता फुगून चापाला किंवा सेफ्टीच्या खटक्याला घासतो, मग खटका अर्ध्यावरच अडकतो. तेव्हा आधी दस्ता काढून चाप बघा. तो लगेच मोकळा झाला, तर दोष लाकडाचा.

तपासणी करायचीच तर मॅगझिन काढा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून खात्री करा आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवा. पिन ताणून सेफ्टी लावा, चाप जोरात ओढा, सोडा, मग बोट लांब ठेवून सेफ्टी काढा. खट्ट आवाज आला तर रायफल नापास. खटका अर्ध्यावर ठेवून हेच पुन्हा करा. बोल्ट चारपाच वेळा दणकून बंद करा, दस्त्याचा तळ रबरावर आपटा. पिन सुटता कामा नये. मात्र या सगळ्यात पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण आतला कण आज एका जागी असतो, उद्या दुसऱ्या.

एकदा जरी सेफ्टी काढताना बार उडाला असेल, तर रायफल रिकामी करून बाजूला ठेवा आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे न्या. नेण्याआधी ट्रिगर साफ करू नका. त्याला तो कचराच बघायचा असतो.