ओळींइतकंच रकान्यांकडेही बघा

पडद्यावरच्या मोठ्या टेबलांबद्दलच्या लेखात म्हटलंय, दिसतात तेवढ्याच ओळी तयार करा, टेबल सुरळीत सरकेल. रकाने कमी असतील तर खरं आहे. पण बेळगावात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीसाठी मी डब्ल्यूपीएफमध्ये (विंडोजवरच्या प्रोग्रॅमचे पडदे बनवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) नोंदवही केली: हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा क्रमांक), कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, वजन, रिजेक्शन... मिळून 110 रकाने, आयटमचं नाव मराठीत आणि कन्नडमध्येही. पडद्यावर 40 ओळी म्हणजे 4,400 घरं तयार व्हायची, आणि दिसणारे रकाने जेमतेम 12. सुपरवायझर माउसचं चाक फिरवायचे आणि टेबल अडखळत मागून यायचं. सेकंदाला 60 फ्रेम हव्यात तर एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात हे उरकणार कसं?

डब्ल्यूपीएफच्या डेटाग्रिडमध्ये (त्यातल्या तयार टेबलात) ओळींचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे दिसतं तेवढंच तयार करणं, आपसूक चालू असतं, रकान्यांचं मात्र बंद. ते चालू केलं, रुंदी 'ऑटो'वर न सोडता ठरवून दिली (ऑटोमुळे सरकताना रकाने रुंदावत राहायचे, वाचणाऱ्याची नजर हरवते). फरक लगेच दिसला.

आणि कृपा करून डेटाग्रिड स्क्रोलव्ह्यूअरच्या (आतलं सगळं सरकवणाऱ्या चौकटीच्या) आत ठेवू नका. तिथे डेटाग्रिडला अमर्याद उंची मिळते आणि सगळ्याच ओळी तयार होतात. माझे दोन दिवस हे शोधण्यातच गेले.