अक्षर फुगवलं की जाड होत नाही

सकाळपासून डोकं तापलंय. मुलांच्या नाटकाचं एक पोस्टर फोनवर आलं. नाव मोठ्ठं, गोलमटोल, 'हाताने काढल्यासारखं'. प्रत्यक्षात कुठलातरी साधा फॉन्ट घेऊन त्याला चहूबाजूंनी स्ट्रोक, म्हणजे जाड कड, चढवलेला. 'ष'चं पोट बुजलंय आणि 'ध'च्या डोक्यावरची फट मिटून त्याचा चक्क 'घ' झालाय. मुलांसाठीच्या पोस्टरवर! जी पोरं आत्ता कुठे अक्षरं जुळवायला लागलीत, त्यांच्यासमोर!

माझी एक मैत्रीण असाच जाड, गोल टाइप, म्हणजे फॉन्ट, काढतेय. एकदा तिच्याकडे गेलो तर ती नुसत्या 'ध'शी झटत बसली होती. ब्रशने काढायची, भिंतीला चिकटवायची, दारापर्यंत मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा काढायची. म्हणाली, "मी आतलं पांढरं काढतेय रे, काळं मागून येतं." जाड अक्षरात शिरोरेषा उभ्या दंडापेक्षा बारीक ठेवावी लागते, रेषा जिथे भेटतात तिथे जाडी चोरावी लागते, नाहीतर शाईचा गोळा होतो. स्ट्रोकच्या बटणाला यातलं काय कळणार?

हो, घाई असते, पैसे नसतात, मान्य. पण 'एक टाइप' या फॉन्ट काढणाऱ्या मंडळींचा बालू हा फॉन्ट फुकट मिळतो ना! भरदार, गोल, खेळकर, आणि तरी 'भ'चा 'म' होत नाही. तेवढं डाउनलोड करायलाही वेळ नाही?

आणि ते 'हाताने काढल्यासारखं' प्रकरण. एका ओळीत तीन 'र' आले आणि तिघांचा बाक तंतोतंत तोच, तर तो कसला हात? मैत्रिणीने 'र'ची तीन रूपं काढलीत, टाइप करताना ती आपोआप आलटून पालटून येतात. प्रत्येक टाइपला हे लागतंच असं नाही. कूपर ब्लॅक हा इंग्रजी अक्षरांचा टाइप बघा, १९२२ चा. धातूत ओतलेला, प्रत्येक अक्षराचं एकच रूप, तरी त्याच्या मऊ कडांत ओझवाल्ड कूपरचा हात दिसतो, कारण तो माणूस मुळात हाताने अक्षरं काढणारा होता. हे बघितलं की राग जरा उतरतो. इतकी जाड अक्षरं आणि तरी दडपण नाही, जवळ बोलावतात.

"मुलांचंच तर आहे, चालतं" हे मात्र पुन्हा कुणी म्हणू नका. मुलांचं आहे म्हणूनच चालत नाही. मोठा माणूस 'घ' दिसला तरी अंदाजाने 'ध' वाचतो. मूल समोर आहे तेच वाचतं. माझी मैत्रीण 'ध'साठी अख्खी दुपार घालवत होती ती उगाच नाही.

तिचं काम अजून संपलेलं नाही, जोडाक्षरं बाकी आहेत. 'द्ध' आणि 'ष्ठ' एवढ्या जाडीत बसवणं म्हणजे छळ आहे नुसता. टाइप तयार झाला की इथेच सांगेन. तो फुकट नसेल. विकत घ्या, कुणाकडून फाइल मागून घेऊ नका.