ब्रँडोच्या आधीचे नट नुसते ओरडत नव्हते

नाटकवाल्यांच्या गटांमधून एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. वर बनियनमधला अमेरिकी नट मार्लन ब्रँडो, खाली चार ठाम विधानं. ३ डिसेंबर १९४७ ला न्यूयॉर्कमध्ये ब्रँडोच्या ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या नाटकाचा पडदा वर गेला आणि अमेरिकेत खरा अभिनय जन्माला आला, हे पहिलं. त्याआधीचे नट छातीवर हात ठेवून प्रेक्षकांकडे बघत ओरडायचे, हे दुसरं. ब्रँडोला ली स्ट्रासबर्ग या अभिनयशिक्षकानं ॲक्टर्स स्टुडिओ या न्यूयॉर्कच्या अभिनयशाळेत घडवला, हे तिसरं. आणि चौथं म्हणजे, स्टानिस्लावस्की या रशियन दिग्दर्शकाची अभिनयाची पद्धत स्ट्रासबर्गनंच अमेरिकेत आणली, तिचंच नाव ‘मेथड’, आणि तिच्यामुळे तिथली रंगभूमी खोटेपणातून सुटली.

तारीख बरोबर आहे. बाकीच्याचा समाचार घ्यायला हवा, कारण हा मजकूर आता नाट्यशिबिरांत शिकवल्यासारखा सांगितला जातो.

ओरडण्यापासून सुरुवात करू. ओरडणारे नट होते, यात वाद नाही. एडविन फॉरेस्ट हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा लाडका नट आडदांड अंगाचा आणि पहाडी आवाजाचा होता. त्याच्या आणि मॅक्रेडी या इंग्रज नटाच्या चाहत्यांमधलं भांडण इतकं पेटलं, की १० मे १८४९ ला न्यूयॉर्कच्या ॲस्टर प्लेस नाट्यगृहाबाहेर शिपायांनी गोळीबार केला आणि किमान २२ माणसं मेली. आत मॅक्रेडीचा ‘मॅकबेथ’ चालू होता. एका नटाची शैली आवडते की दुसऱ्याची, यावर जिथे मुडदे पडले, तिथल्या लोकांना अभिनयातला फरक कळत नव्हता असं म्हणणं जरा धाडसाचंच. अर्थात त्या दंगलीत अमेरिकी विरुद्ध इंग्रज आणि गरीब विरुद्ध श्रीमंत हा राग जास्त होता, हेही खरं.

पण फॉरेस्टनंतरच्या पिढीतच वारं फिरलं होतं. एडविन बूथ घ्या. लिंकनला मारणाऱ्या जॉन विल्क्स बूथचा हा थोरला भाऊ, हॅम्लेटचे सलग १०० प्रयोग करणारा. १८९० साली त्याच्या आवाजात ऑथेल्लोचं सिनेटसमोरचं भाषण मेणाच्या नळीवर मुद्रित झालं आणि ते आजही ऐकायला मिळतं. खरखर भयंकर आहे, कान टवकारून ऐकावं लागतं; पण त्या खरखरीमागचा माणूस ओरडत नाहीये. समोरच्या चार वडीलधाऱ्यांना आपली बाजू समजावून सांगावी, तसा तो बोलतोय. हे मुद्रण झालं तेव्हा ब्रँडोच्या जन्माला ३४ वर्षं होती.

त्यानंतरचा विल्यम जिलेट तर या मजकुराला एकटाच पुरून उरेल. शेरलॉक होम्स रंगभूमीवर गाजवला तो त्यानं. वाकडा पाइप होम्सच्या तोंडात चिकटला तोही बराचसा त्याच्यामुळे. १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात आलेल्या त्याच्या नाटकातला एक प्रवेश बघा. होम्स एका विषारी वायूच्या खोलीत गुंडांच्या तावडीत सापडलाय. तो खुर्ची उचलून दिवा फोडतो. रंगमंच काळामिट्ट. अंधारात फक्त त्याच्या सिगारचं लाल टोक दिसतंय, खिडकीकडे सरकताना. गुंड तिकडे धावतात. कंदील येतो, आणि दिसतं काय, तर सिगार खिडकीच्या फटीत खोचलेली, होम्स दाराबाहेर. हजारभर प्रेक्षकांना ठिणगीएवढ्या उजेडाकडे बघायला लावणारा हा माणूस छातीवर हात ठेवून पल्लेदार वाक्यं टाकणाऱ्यांतला नव्हता. (१९०५ मध्ये लंडनला जिलेटच्या होम्सबरोबर बिली या पोऱ्याचं काम एका सोळा वर्षांच्या मुलानं केलं. त्याचं नाव चार्ली चॅप्लिन.)

जिलेटनं १९१३ मध्ये एक व्याख्यानही दिलं होतं. त्याचा मुद्दा असा, की नटाला पुढचं वाक्य पाठ असतं पण पात्राला ते माहीत नसतं. म्हणून प्रत्येक प्रयोगात शब्द पहिल्यांदाच सुचतोय असं दिसलं पाहिजे. आज कुठल्याही अभिनयवर्गात पहिल्या आठवड्यात हेच सांगतात, आणि श्रेय भलत्यालाच देतात. कोणाला हे पुराव्यानिशी हवं असेल तर १९१६ चा त्याचा ‘शेरलॉक होम्स’ हा मूकपट २०१४ साली पॅरिसच्या सिनेमातेक या चित्रपट-संग्रहालयात सापडला आणि दुरुस्त होऊन परत पडद्यावर आला. त्यात आजूबाजूचे लोक हातवारे करत असताना जिलेट किती कमी करतो ते पाहा.

आणि मिनी मॅडर्न फिस्क. अमेरिकेत इब्सेनची नाटकं लावून धरणारी ही बाई. त्या काळी देशभरातली नाट्यगृहं ज्या सिंडिकेटच्या मुठीत होती, त्याच्यापुढे ती वाकली नाही. मग दौऱ्यावर चांगलं नाट्यगृह मिळेना आणि कधी तर स्केटिंगच्या हॉलमध्ये प्रयोग लावावे लागले. १९०८ च्या ‘साल्व्हेशन नेल’मध्ये ती दारूच्या गुत्त्यात झाडलोट करणारी बाई झाली होती. पहिल्या अंकात ती जमिनीवर फतकल मारून बसते, दारू पिऊन पडलेल्या याराचं डोकं मांडीवर, आणि जवळपास दहा मिनिटं एक अक्षर बोलत नाही. भोवती गुत्ता चाललेला, ती नुसती बसून. ते पाहून मेरी गार्डन ही ऑपेरा गायिका, असं काहीच न करणं जमलं पाहिजे, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेली असं सांगतात.

गंमत अशी, की फिस्कबाईंवर समीक्षकांची तक्रार काय होती? शब्द ऐकू येत नाहीत, भरभर बोलतात, वाक्यं एकात एक घुसवतात. एका सदरलेखकानं यावर शब्द एकमेकांना चिकटवून चक्क एक विडंबन कविता लिहिली. चाळीस वर्षांनी ब्रँडोवर नेमकी हीच तक्रार झाली, आणि तेव्हा तिला क्रांती म्हटलं गेलं.

या मजकुरात काळ्या नटांपैकी एकाचंही नाव नाही, हेही सांगून टाकतो. बर्ट विल्यम्स १९१० पासून झिगफेल्ड फॉलीज या ब्रॉडवेवरच्या सगळ्यात झगमगीत तमाशात गोऱ्यांबरोबर काम करत होता. त्यालाही तोंडाला काळं फासूनच उभं राहावं लागे, हा त्या देशाचा लाजिरवाणा भाग. पण त्याचा पोकरचा मूकाभिनय बघा: समोर गडी नाहीत, हातात पत्ते नाहीत, आणि तरी पत्ते वाटल्यापासून डाव जाईपर्यंत कोण काय खेळलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळतं. हाही १९१६ च्या फिल्मवर आहे.

आता स्ट्रासबर्ग आणि ब्रँडो. इथे तर साधी कालगणनाच आडवी येते. ॲक्टर्स स्टुडिओ सुरू झाला ऑक्टोबर १९४७ मध्ये, ‘स्ट्रीटकार’चा दिग्दर्शक एलिया कझान, चेरिल क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस या तिघांनी मिळून. संस्थापकांत स्ट्रासबर्ग नव्हताच. तो नंतर आला आणि १९५१ मध्ये कलासंचालक झाला. ‘स्ट्रीटकार’च्या तालमीही त्याच १९४७ च्या ऑक्टोबरातल्या. दोन महिन्यांत, आणि तेही जिथे गुरुजी अजून रुजूच झाले नाहीत अशा शाळेत, ब्रँडो घडला कसा?

ब्रँडो शिकला न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये, स्टेला ॲडलर या नटीकडे. १९४४ मध्ये ‘आय रिमेंबर मामा’तून तो ब्रॉडवेवर आला. १९४६ मध्ये ‘ट्रकलाइन कॅफे’ नावाचं नाटक १३ प्रयोगांत बंद पडलं, पण ब्रँडोचं काम लोकांच्या लक्षात राहिलं. त्या तालमींतला एक किस्सा दिग्दर्शक हॅरल्ड क्लर्मननं सांगितलाय. पोरगा पुटपुटायचा, ऐकूच जाईना. शेवटी क्लर्मननं बाकीच्यांना बाहेर काढलं आणि त्याला वाक्यं ओरडायला लावली. मोठ्यानं, अजून मोठ्यानं, आणि मग ओरडता ओरडता वरून लोंबणाऱ्या दोरावर चढायला लावलं. म्हणजे ओरडणं संपवणाऱ्या महापुरुषाला आधी ओरडायचीच तालीम द्यावी लागली. त्याच वर्षी तो कॅथरिन कॉर्नेल या जुन्या वळणाच्या बड्या नटीबरोबर शॉच्या ‘कँडिडा’त होता. आपल्याला घडवल्याचं श्रेय स्ट्रासबर्ग लाटतो, यावर ब्रँडोचा आयुष्यभर राग होता. आत्मचरित्रात त्यानं तो अजिबात लपवलेला नाही. श्रेय त्यानं दिलं ते ॲडलरला आणि कझानला.

स्टेला ॲडलर तरी आकाशातून पडली होती का? तिचा बाप जेकब ॲडलर हा न्यूयॉर्कच्या यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेतल्या, रंगभूमीचा सम्राट. १९०३ मध्ये तो ब्रॉडवेवर शायलॉक म्हणून उभा राहिला तेव्हा बाकी सगळे इंग्रजीत आणि तो एकटा यिडिशमध्ये बोलत होता, आणि नाटक चाललं. स्टेला चार वर्षांची असल्यापासून बापाबरोबर रंगमंचावर. ब्रँडोच्या अभिनयाचं गोत्र शोधायचंच असेल, तर स्टुडिओच्या दाराशी थांबून चालणार नाही. स्थलांतरितांच्या वस्तीतल्या त्या नाट्यगृहांपर्यंत जावं लागेल.

स्टानिस्लावस्कीचं सांगायचं तर तो स्वतःच अमेरिकेत येऊन गेला होता. त्याच्या मॉस्को आर्ट थिएटर या मंडळीचे न्यूयॉर्कमधले प्रयोग जानेवारी १९२३ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास त्याचा शिष्य बोलेस्लावस्की तिथे शिकवू लागला, आणि त्याच्या वर्गात बसणाऱ्यांत स्ट्रासबर्ग होता, क्लर्मन होता, पुढे स्टेलाही आली. म्हणजे स्ट्रासबर्ग आणणारा नव्हे, घेणाऱ्यांपैकी एक. १९३१ मध्ये ग्रुप थिएटर ही या लोकांची नाटकमंडळी निघाली आणि तिथे स्ट्रासबर्गनं भर दिला तो नटानं स्वतःच्या जुन्या आठवणी उकरून भावना काढण्यावर. स्टेलाला हे जाचायला लागलं. १९३४ मध्ये तिनं पॅरिसमध्ये खुद्द स्टानिस्लावस्कीला गाठलं, काही आठवडे त्याच्याबरोबर काम केलं, आणि परत येऊन मंडळींना सांगितलं की म्हाताऱ्याचा भर आता आठवणींवर नाही. नाटकातली परिस्थिती, पात्राला काय करायचंय ते, आणि कल्पनाशक्ती यांवर आहे. स्ट्रासबर्गनं ते मानलं नाही. पुढे ‘मेथड’ म्हणून जे गाजलं ते स्ट्रासबर्गचं स्वतःचं होतं. ते चांगलं की वाईट यावर वाद घाला, पण त्यावर स्टानिस्लावस्कीचा शिक्का मारू नका. आणि एखाद्या नटानं भूमिकेसाठी वीस किलो वजन घटवलं की आपल्याकडे लगेच ‘मेथड’ छापतात, त्याचा तर या दोघांशीही फारसा संबंध नाही.

आता तो खोटेपणातून सुटण्याचा मुद्दा. ‘स्ट्रीटकार’ ज्या नाट्यगृहात झालं त्याचं नाव एथेल बॅरिमोर थिएटर, १९२८ मध्ये बांधलेलं. म्हणजे दारावर नाव होतं ते तथाकथित खोट्या जमान्यातल्या नटीचं. नाटकाची नायिका ब्लांश झाली होती जेसिका टँडी, लंडनची, इंग्रजी वळणाची. टोनी पुरस्कार मिळाला तो तिला. पुढे याच नाटकावरच्या चित्रपटात व्हिव्हिअन ली आली, तीही लंडनच्या रंगभूमीवरची, इंग्रज नट लॉरेन्स ऑलिव्हिएच्या दिग्दर्शनाखाली तिथे ब्लांश करून आलेली. चित्रपटाला अभिनयाची तीन ऑस्करं मिळाली: ली, किम हंटर आणि कार्ल मॉल्डन. ब्रँडोला नाही. ब्रँडो कमी होता असं मी म्हणत नाही. तो अफाट होता. पण समोर टँडी नसती तर त्यानं केलेला स्टॅन्ली आपटला कशावर असता?

त्याचा दबदबा इतका वाढला, याचं साधं कारण कॅमेरा. ब्रँडो फिल्मवर उरला, फिस्कबाई जवळपास उरल्याच नाहीत. आणि ज्या नटीचं नाव या मजकुरात पहिलं हवं होतं, ती तर जवळपास पुसलीच गेली.

लॉरेट टेलर. जुन्या दौऱ्यांवर, कंपन्यांमध्ये घडलेली; १९१२ च्या ‘पेग ओ’ माय हार्ट’नं तिला घराघरात नेलं. नवरा गेल्यावर दारूत बुडाली, ब्रॉडवेनं तिचा नाद सोडला. मग १९४४ च्या डिसेंबरात शिकागोला ‘द ग्लास मिनॅजरी’त ती अमांडा झाली, आणि मार्च १९४५ मध्ये न्यूयॉर्कला. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगाला तिची तब्येत इतकी बिघडली होती की विंगेत बादली ठेवलेली. प्रवेश संपला की ओकायचं आणि पुन्हा एंट्री घ्यायची. समोर बसलेल्यांना याचा पत्ता नव्हता. ज्या नटनट्यांनी ते काम पाहिलं, त्यांतले कितीतरी जण म्हातारपणीसुद्धा आपण पाहिलेला सर्वांत मोठा अभिनय म्हणून तिचंच नाव घेत. ‘स्ट्रीटकार’ हे ‘मिनॅजरी’ लिहिणाऱ्या टेनेसी विल्यम्सचंच पुढचं गाजलेलं नाटक; ते येण्याआधी वर्षभर, डिसेंबर १९४६ मध्ये, ती वारली. कुठल्याही स्टुडिओत ती गेली नव्हती. नटाला सगळ्यात जास्त गरज कल्पनाशक्तीची असते, रूपाची नव्हे, असा लेख मात्र तिनं १९१४ मध्येच लिहून ठेवला होता.

तिची एक छोटी फिल्म उरलीय, १९३८ मध्ये हॉलिवूडनं एका भूमिकेसाठी घेतलेली चाचणी. चार्ल्स डर्निंग या नटानं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं होतं, की रस्त्यावरची कुठली तरी बाई यांनी पकडून आणून उभी केलीय. चाचणी पाहिली की तो असं का म्हणाला ते कळतं. ती भूमिका तिला मिळाली नाही.